केळ्याची नाडी बहात्तर!

बालमित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी किंवा निदान गल्लीत तरी कुणाच्या मनगटावर स्मार्टवॉच आलं असेलच. नुसती वेळ न सांगता पावलं, नाडी, झोप, हवामान आणि आणखी पन्नास गोष्टी सांगणारं घड्याळ! आमच्या चोपड्यातही त्याची नवलाई आता उरलेली नाही. केळीच्या गाड्या भरणाऱ्या दादांच्या हातात ते दिसतं, कॉलेजच्या मुलामुलींच्या हातात दिसतं, आणि भाऊबीजेपासून माझ्याही हातात आहे. भावाने ओवाळणीत घातलं.

त्याच्याबरोबर राहून मला काय काय दिसलं ते आज तुम्हाला सांगणार आहे. घड्याळ घ्या असा माझा आग्रह नाही, घेऊ नका असाही नाही. मी सांगणार आहे ती एका प्रश्नाची गोष्ट. मी ते घड्याळ घालून शाळेत गेले त्याच दिवशी चौथीच्या मुलांनी मला घेरलं. "मॅडम, ह्याच्यात पावलं दिसतात? झोपसुद्धा? पण ह्याला कळतं कसं?"

ह्याला कळतं कसं? किती साधा प्रश्न! पण घड्याळ घेणारी मोठी माणसं तो क्वचितच विचारतात. आम्ही मात्र ठरवलं, की ह्याचं उत्तर शोधायचंच.

आधी चावी, आता चार्जर

तुमच्या आजोबांना विचारा, त्यांच्या तरुणपणी घड्याळ म्हणजे काय होतं? बहुतेक आजोबा एकच नाव सांगतील – एचएमटी! जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळुरूला या सरकारी कंपनीने मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ साली सरकारने तो घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. पण कितीतरी घरांतल्या कपाटात एखादं एचएमटी अजून जपून ठेवलेलं असतं. रोज सकाळी त्याला चावी द्यावी लागे. चावी द्यायला विसरलं, की घड्याळ बंद!

नव्या घड्याळाला चावी नाही, पण चार्जर आहे. विसरलं, की हेही बंद! म्हणजे त्या बाबतीत फार काही बदललेलं नाही. बदल आहे तो दुसराच. जुनं घड्याळ एकच गोष्ट सांगायचं, आणि तुम्ही त्याच्याकडे पाहिल्याशिवाय काही बोलायचं नाही. नवं घड्याळ मात्र मनगटाला गुदगुल्या करून आपणहून बोलतं. 'पाणी प्या', 'शाबास', 'आज तुमची झोप कमी झाली'. एकदा तर गंमतच झाली. सकाळपासून मी वर्गात उभी होते. हात मागे बांधून मुलांकडून पाढे म्हणवून घेत होते. तेवढ्यात घड्याळ थरथरलं आणि म्हणालं, 'फार वेळ बसलात, आता जरा उठा!' सगळा वर्ग हसला.

मग आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला 'मोजलेलं', दुसरा 'अंदाजाने काढलेलं' आणि तिसरा 'उसनं आणलेलं'. घड्याळ जे जे सांगेल, ते ते तपासून या तिन्हींपैकी एका रकान्यात लिहायचं. हा खेळ तुम्हीही खेळू शकता. चला तर, आधी सोपा रकाना घेऊ.

उसनी वेळ, उसनं ऊन

तुम्ही म्हणाल, घड्याळ आहे म्हटल्यावर वेळ तरी ते स्वतः मोजत असेल! मोजतं, पण थोडीच. त्याच्या पोटात क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि ती थरथर मोजून एकेक सेकंद पुढे सरकतो. पण हळूहळू फरक पडत जातो, म्हणून घड्याळ फोनला विचारून आपली वेळ जुळवून घेतं. फोन विचारतो नेटवर्कला. भारताची प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते.

आता ही प्रमाणवेळ कुठली? तर ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. आपलं चोपडा आहे साधारण ७५.३ अंशांवर, म्हणजे मिर्झापूरच्या सात अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. गुणाकार करा बघू! जवळजवळ २९ मिनिटं येतात. म्हणजे घड्याळात बरोबर १२ वाजतात, तेव्हा आपल्याकडे सूर्याचे बारा वाजलेलेच नसतात!

खरं वाटत नसेल तर अंगणात एक काठी सरळ उभी रोवा. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सावली सगळ्यांत आखूड होईल तीच खरी माध्यान्ह. आपल्याकडे ती नोव्हेंबरात सव्वाबाराच्या आसपास येते आणि फेब्रुवारीत पावणेएकच्या आसपास. घड्याळ चुकत नाही, बरं का! सगळ्या देशाने मिळून एक वेळ ठरवली आहे आणि घड्याळ ती आपल्याला आणून देतं. म्हणून वेळ गेली 'उसनं' या रकान्यात.

तापमानाचंही तसंच. एका दुपारी घड्याळ म्हणत होतं '२९ अंश'. पत्र्याखालच्या आमच्या वर्गातल्या तापमापीत होते ३३! मुलांना वाटलं, दोघांपैकी एक बिघडलंय. पण माझं घड्याळ हवेचं तापमान मोजतच नाही. ते फोनमधल्या हवामानाच्या ॲपकडून येतं, आणि ॲपला ते दूरच्या संगणकाने गणित करून दिलेलं असतं. हवामान खात्याची तापमापीसुद्धा उन्हात किंवा पत्र्याखाली नसते. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून उंचावर ती ठेवलेली असते. उन्हाळ्यात 'आज पारा ४४' असं आपण वाचतो, तो त्या सावलीतला पारा. रानात काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचं ऊन त्याहून कितीतरी तिखट! तेव्हा मे महिन्यात कुणी मनगटाकडे बघून 'अजून चाळीसच आहे, खेळू या' असं म्हणालं, तर त्याचं ऐकू नका. अडावदजवळच्या उनपदेवचं पाणी गरम आहे हे आपल्याला हात लावून कळतं ना? तसं उन्हाचंही आपल्या अंगालाच विचारायचं.

हिरवा दिवा आणि लाल रक्त

आता नाडी. मुलांना सगळ्यांत जास्त उत्सुकता होती ती हिचीच. घड्याळ हातातून काढून उलटं केलं, की मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. तो कशासाठी?

रक्त लाल का दिसतं? कारण ते लाल प्रकाश परत पाठवतं आणि हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा प्रत्येक ठोका पडला, की मनगटाच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची एक लाट येते. रक्त वाढलं, की हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि घड्याळाकडे कमी परत येतो. लाट ओसरली, की परत येणारा प्रकाश वाढतो. कमी-जास्त, कमी-जास्त! हा चढउतार घड्याळातला प्रकाश ओळखणारा भाग टिपतो आणि त्यावरून एका मिनिटातले ठोके काढले जातात. आहे की नाही युक्ती!

घड्याळ आणि नाडी यांची मैत्री काही आजची नाही. १७०७ साली इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरांनी नाडी मोजण्याबद्दल एक पुस्तक लिहिलं. त्या काळी घड्याळांना सेकंदकाटा सहसा नसे, म्हणून त्यांनी बरोबर एक मिनिट चालणारं खास घड्याळ करून घेतलं होतं. आज आपण दवाखान्यात 'एका मिनिटाला इतके ठोके' असं ऐकतो, त्यामागे अशा डॉक्टरांची खटपट आहे.

आम्हीही खटपट केली. जोड्या पाडल्या. अंगठ्याच्या खाली, मनगटावर दोन बोटं ठेवून मुलांनी एकमेकांची नाडी धरली. दोन बोटंच का, अंगठा का नाही? कारण अंगठ्याला स्वतःची नाडी जाणवते आणि मोजणी चुकते. मी 'सुरू' म्हटल्यावर ३० सेकंद मोजायचं आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करायची. मग एकेकाच्या हातात घड्याळ बांधून ताडून पाहायचं. मुलं शांत बसलेली असताना हाताने मोजलेला आकडा आणि घड्याळाचा आकडा बहुतेक वेळा दोन-चार ठोक्यांच्या फरकाने जुळले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मग वीस उठाबशा काढायला लावल्या. आता हाताखाली नाडी धडधडत होती, पण घड्याळ मात्र थोडा वेळ जुनाच आकडा दाखवत राहिलं आणि मग धावत मागून आलं. हात हलत असला, पट्टा सैल असला, मनगट गार पडलेलं असलं, की प्रकाशाचा तो चढउतार नीट टिपता येत नाही.

'नाडी' हा शब्द फळ्यावरच्या 'मोजलेलं' या रकान्यात जाणार, इतक्यात एका मुलीने हात वर केला. त्या दिवशी पोषण आहारात केळी होती. "मॅडम, हे केळ्याला बांधलं तर?"

बांधलं! पट्टा छान बसला. सगळे श्वास रोखून बघत होते. हिरवा दिवा लुकलुकला, थोडा वेळ गेला आणि घड्याळाने सांगितलं – ७२! केळ्याची नाडी बहात्तर!

वर्गात जो काही गोंधळ झाला, तो विचारू नका. "मॅडम, केळं जिवंत आहे!" "खाऊ नको रे त्याला!"

मुलांनो, केळ्याला ना हृदय, ना रक्त. मग हे ७२ आले कुठून? विचार करा. घड्याळाला केळं दिसत नाही, मनगटही दिसत नाही. त्याला दिसतो फक्त परत येणारा प्रकाश. केळ्याच्या सालीवरूनही प्रकाश परत येतो. हातात धरलेलं केळं किंचित हललं, बाहेरचा उजेड जरासा आत आला, की त्या प्रकाशात बारीक चढउतार होतो. घड्याळाला तर ताल शोधायचंच काम दिलेलं! ते त्या चढउतारात ताल शोधतं आणि नाडीला शोभेल असा आकडा काढून देतं. काही घड्याळं 'मनगटावर नीट बांधा' असं सांगून थांबतात. काही मात्र अशी फसतात.

घड्याळ खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. त्याला जेवढं दिसलं, त्यावरून त्याने उत्तर काढलं. पण त्या दिवशी आमच्या वर्गाला एक गोष्ट कायमची कळली. आकडा आला म्हणजे मोजणी झालीच असं नाही!

दुसऱ्या दिवशी याच्या उलट घडलं. एका मुलाची आजी त्याला न्यायला आली होती. नातवाने घरी सगळं सांगितलेलं असणार. आजींनी माझ्या मनगटाकडे बोट दाखवून अहिराणीत विचारलं, "हाई घडी काय सांगस व माय?" मी घड्याळ काढून त्यांच्या हातात बांधलं. बराच वेळ झाला, पण आकडा काही येईना, नुसत्या रेघा! का बरं? आजींच्या मनगटावर हिरवंगार गोंदण होतं. गोंदणाची शाई प्रकाश अडवते, त्यामुळे घड्याळाला रक्ताची लाट दिसत नाही. थोडं वर सरकवून, गोंदण नसलेल्या जागी बांधलं, तेव्हा नाडी सापडली. केळ्याला नाडी आहे आणि आजीला नाही, असं सांगणारं यंत्र! हसू येतं ना?

पण ही गोष्ट नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२० साली करोना आला, तेव्हा बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या सप्टेंबरात महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली आणि घरोघर जाऊन लोकांचा ताप आणि ऑक्सिजन तपासला गेला. हे ऑक्सिमीटरही प्रकाशावरच चालतं. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ही युक्ती शोधली. पण त्याच २०२० सालच्या शेवटी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. दवाखान्यातलं ऑक्सिमीटरसुद्धा गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या वर्णाच्या रुग्णांमधला कमी झालेला ऑक्सिजन जवळजवळ तिप्पट वेळा हुकवत होतं! कातडीतला रंगही प्रकाश शोषतो ना! म्हणून कुठलंही यंत्र आपल्यासारख्या माणसांवर तपासलेलं आहे का, हा प्रश्न विचारायला लाजू नये.

दहा हजार पावलं कुणी ठरवली?

पावलं मोजायला घड्याळात त्वरणमापी नावाचा भाग असतो. तांदळाच्या दाण्यासारखा छोटा. त्याच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा जणू स्प्रिंगवर टांगलेला असतो. हात हलला, की तोही हलतो. चालताना आपला हात मागे-पुढे झुलतो, त्याचा ठरावीक ताल ओळखून घड्याळ म्हणतं, हे एक पाऊल! म्हणजे बघा, घड्याळ पाय मोजतच नाही. ते हात मोजतं!

हे कळल्यावर मुलं मला सोडतात होय? आम्ही मैदानावर शंभर पावलं तोंडाने मोजत चाललो. हात मोकळे सोडून चाललो, तेव्हा घड्याळ जवळपास बरोबर आलं. मग एका मुलीने डोक्यावर पाण्याची कळशी घेतली, घड्याळाच्या हाताने ती धरली आणि शंभर पावलं चालली. घड्याळाने निम्मीही मोजली नाहीत. मग एक मुलगा ओट्यावर बसून नुसता हात झुलवत राहिला. त्याची पावलं झाली! आता मला सांगा, खरी मेहनत कुणाची?

आपल्या शिवारात दिवाळीनंतर कापूस वेचणी चालते. कमरेला ओटी बांधून, वाकून, सरीतून एकेक पाऊल सरकणाऱ्या मावश्या तुम्ही पाहिल्या आहेत. लोटगाडीवर भाजी विकणारे काका गाडीच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून गावभर फिरतात. यांच्या हातात घड्याळ बांधलं, तर संध्याकाळी ते बहुधा म्हणेल, 'आज तुम्ही फार कमी चाललात!' कुणाची मेहनत घड्याळात दिसली नाही, म्हणून ती कमी होत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि रोज 'दहा हजार पावलं झाली पाहिजेत' असं जे सगळे म्हणतात, ते कुणी ठरवलं ठाऊक आहे? १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झालं. जपानमध्ये व्यायामाची लाट आली. १९६५ साली तिथे कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजेच 'दहा हजार पावलांचा मापक'. नाव लक्षात राहण्यासारखं, आकडा गोल! तो जगभर पसरला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. साधारण ७,५०० पावलांनंतर मात्र जास्त चालल्याने आणखी फरक दिसला नाही. चालणं चांगलंच, पण दहा हजार हा काही दगडावरचा लेख नव्हे. म्हणून 'पावलं' हा शब्द आम्ही 'मोजलेलं' आणि 'अंदाजाने' यांच्या मधल्या रेघेवर लिहिला!

अंदाजावर अंदाज

दुसरा रकाना मात्र भराभर भरला. झोप घ्या. खरी झोप किती गाढ आहे हे तपासायला दवाखान्यात डोक्याला तारा लावून मेंदूचे संदेश टिपतात. घड्याळ काय बघतं? हात हलतोय का आणि नाडी मंद झाली का. तुम्ही जागे राहून गुपचूप पडून राहिलात, तर त्याला वाटेल तुम्ही झोपलात. 'किती उष्मांक जळले' हाही असाच अंदाज. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६० जणांच्या मनगटावर सात तऱ्हेची घड्याळं बांधून परीक्षा घेतली. नाडीच्या पेपरात सातपैकी सहा छान पास झाली, चूक ५ टक्क्यांच्या आत! पण उष्मांकाच्या पेपरात सगळी नापास. सगळ्यांत हुशार घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं.

इथवर सगळी गंमत चालली आहे. आता गंभीर गोष्ट सांगते.

माझ्या आत्याला मधुमेह आहे. तिने एका दुकानातून एक स्वस्त घड्याळ घेतलं. त्यात रक्तदाब दिसे, आणि सुई न टोचता रक्तातली साखरसुद्धा दिसे! आत्या खूश. रोज सकाळी बटण दाबायचं, साखर ठीक आहे म्हणायचं आणि चहात दोन चमचे घालायचे. दोन महिने तिने रक्त तपासलंच नव्हतं. "घड्याळ सांगतंय ना!" हे तिचं उत्तर.

मी वाद घातला नाही. तिच्यासमोर तिचंच घड्याळ पोळपाटावरच्या लाटण्याला बांधलं आणि बटण दाबलं. थोड्या वेळाने लाटण्याचा रक्तदाब आला. मग लाटण्याची साखर आली. तीही अगदी ठीक होती! आत्या पोट धरून हसली. मग एकदम गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आम्ही दोघी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. बोटाला सुई टोचून तपासलं, तेव्हा साखर पुष्कळ वाढलेली निघाली. गोळ्या बदलल्या, पथ्य सुरू झालं. आता ती बरी आहे.

मुलांनो, औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना स्पष्ट सांगितलं, की कातडी न टोचता स्वतःच साखर मोजतं असा दावा करणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवून साखर दाखवणारी साधनं दवाखान्यात मिळतात खरी, पण त्यांचीही बारीक सुई कातडीत शिरलेली असते. तुमच्या घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल आणि ते घड्याळाच्या भरवशावर तपासणी टाळत असतील, तर त्यांना लाटण्याचा प्रयोग दाखवा. रागावू नका, हसत हसत दाखवा. लहान मुलांचं मोठी माणसं पुष्कळदा ऐकतात.

मग घड्याळ अगदीच कुचकामी का? मुळीच नाही! अमेरिकेत ॲपलच्या घड्याळाचा मोठा अभ्यास झाला आणि २०१९ साली छापून आला. त्यात सुमारे ४ लाख १९ हजार लोक होते. हृदयाचा ताल अनियमित वाटतोय, अशी सूचना फक्त ०.५२ टक्के लोकांना आली. त्यांतल्या ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश लोकांच्या हृदयाची धडधड खरंच अनियमित निघाली. म्हणजे बघा, 'डॉक्टरांकडे जा' असं घड्याळ सांगत असेल तर जरूर जावं. पण 'डॉक्टरांकडे जायची गरज नाही' असं सांगण्याचा अधिकार कुठल्याच घड्याळाला नाही.

आणखी एक रकाना

फळा भरला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, घड्याळाला इतकं सगळं कळतं, मग ते पुढे कुणाला सांगतं?" शाबास! आम्ही चौथा रकाना आखला – 'दिलेलं'. आपण किती वाजता झोपतो, कुठल्या रस्त्याने फिरायला जातो, हे घड्याळातून फोनच्या ॲपमध्ये आणि तिथून कंपनीच्या संगणकावर जातं. २०१८ च्या सुरुवातीला अशीच एक गोष्ट उघडकीला आली. धावणाऱ्या लोकांच्या वाटा दाखवणारा एका ॲपचा नकाशा सगळ्यांना खुला होता, आणि त्यात सैनिकांच्या धावण्याच्या वाटांवरून परदेशातले लष्करी तळ दिसत होते! आपल्याकडे २०२३ साली माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी, असं त्यात म्हटलं आहे. तेव्हा नवं घड्याळ सुरू करताना 'मंजूर, मंजूर' अशी भराभर बटणं दाबू नका. आईबाबांना शेजारी बसवा आणि वाचून मग दाबा.

आणि हो, ज्यांच्याकडे असं घड्याळ नाही, त्यांनी मुळीच हिरमुसून जाऊ नका. या लेखातले बहुतेक प्रयोग करायला ते लागतच नाही. भिंतीवरचं सेकंदकाट्याचं घड्याळ, एक काठी, थोडे खडे आणि एक वही पुरे. आठ दिवस रोज सकाळी उठल्या उठल्या आपली नाडी मोजून वहीत लिहा. तुमच्या वयाच्या मुलांची शांत बसल्यावरची नाडी बहुतेक ७० ते १०० च्या दरम्यान भरते. पळून आल्यावर ती किती होते आणि परत खाली यायला किती मिनिटं लागतात, तेही लिहा. रविवारी काठीची सावली मोजा. आणि घरात कुणाचं स्मार्टवॉच असेल, तर त्यांना विचारून पाहा, की ह्यातलं मोजलेलं कुठलं, अंदाजाने काढलेलं कुठलं आणि उसनं कुठलं?

आमच्या वर्गाचा तक्ता अजून भिंतीवर आहे. 'ताणतणाव' हा शब्द कुठल्या रकान्यात लिहायचा यावरून मुलांची भांडणं चालू आहेत. तुम्ही कुठे लिहाल? कारण मात्र सांगायला हवं हं!